कपाटाला टेकवलेली गिटार

कूलर सुरू झाला.

दरवर्षी मार्च सरत आला की माझा मुलगा तो माळ्यावरून उतरवतो, बाजूच्या जाळीच्या ताट्यांमध्ये नवा वाळा भरतो, मोटरीला तेल देतो आणि बटण दाबतो. घरातली सगळी एकदम 'हाऽश' करतात. अमरावतीत उन्हाळा लागतो तो असा, पंचांग कोण बघतंय! मला मात्र गारवा मागाहून जाणवतो. आधी येतो तो आवाज. घूंऽऽ असा जाड, जमिनीलगतचा, एका जागी बसकण मारून राहिलेला. नातीची परीक्षा आहे. ती कानांवर हात ठेवून म्हणते, "आजी, या भोंग्यात वाचलेलं डोक्यात कसं शिरणार गं?" मी म्हणते, शिरतं की. माझ्या डोक्यात सगळं अर्थशास्त्र याच आवाजात शिरलं होतं. ती हसते. म्हातारीचं काहीतरीच, असं ते हसणं असतं, आणि मीही वाद घालत बसत नाही.

तेव्हा अकोल्यात कूलर कुठले आलेत! जठारपेठेतल्या आमच्या घरी खिडक्यांना वाळ्याचे पडदे बांधायचे आणि तांब्या-तांब्यानं त्यांच्यावर पाणी मारायचं, झाला गारवा. हा आवाज यायचा तो माझ्या मांडीवरून. मांडीवर एक विजेची गिटार असायची. तिला तारा चारच होत्या आणि वीज कधी मिळायची नाही.

साठीचं दशक उतरणीला लागलं होतं. सिंहस्थ लागायच्या आधीचा तो उन्हाळा. आताच्या मुलींना हे सांगावं लागतं, म्हणून सांगते: गुरू सिंह राशीत गेला की आमच्याकडे लग्नं थांबायची. वर्षभर मुहूर्त नाही. उपवर मुलींच्या आयांना सिंहस्थाची जी धास्ती असायची ती पटकीच्या साथीचीही नसेल. त्यामुळे पाऊस लागायच्या आत पोरी उजवून टाकायच्या म्हणून सगळ्या वऱ्हाडात नुसती पळापळ. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, आणि परीक्षा त्या साली लांबत लांबत नेमक्या लग्नसराईत येऊन पडल्या होत्या. घरात सगळे सिंहस्थाला भीत होते, मी एकटी त्याची वाट बघत होते. तो लागला की वर्षभर मला कोणी बघायला येणार नव्हतं. तोवर बी.ए. होईल, हातात पदवी असेल, मग आबांना म्हणता येईल की मी शाळेत शिकवते, किंवा पुढे शिकते. एवढंच हवं होतं मला. पावसाळ्यापर्यंत कोणी मला पसंत करू नये, आणि माझे सगळे पेपर व्हावेत.

पसंत न पडण्याची माझी तयारीही चांगली होती. माझा आवाज. तो जाड आहे, आजही आहे. मी दाराआडून बोलले की बैठकीत बसलेले आबांचे पक्षकार "जी वकीलसाहेब" म्हणत उठून उभे राहायचे. आईला त्याचं रडू यायचं. कोणी बघायला आलं की ती डोळ्यांनी खुणावत राहायची: हळू, अजून हळू, बोलूच नको. अंजनगाव सुर्जीहून एक स्थळ आलं होतं. त्या बाईंनी विचारलं, "गाता येते का पोट्टीले?" मी "नाही" म्हणाले. त्या एका 'नाही'वर स्थळ गेलं. निरोप काय आला, तर मुलीचा आवाज आमच्या मुलापेक्षा भारी आहे. आबा हसले. आई दोन दिवस जेवली नाही.

तेव्हा आईनं मनाशी ठरवलं, गाणं नाही तर वाजवणं. त्या दिवसांत गिटारीचं खूळ होतं. बऱ्या घरच्या मुली गिटार मांडीवर आडवी ठेवायच्या आणि तारांवर लोखंडाची कांडी फिरवून भावगीतं काढायच्या. तोंड उघडायचं कामच नाही! आईला ते फार पटलं. माझा मामा मुंबईला गोदीत कारकून होता, त्याला सांगून झालं, आणि होळीला मामा एक भलामोठा लांबोडका खोका घेऊन अकोल्याच्या स्टेशनावर उतरला. कुठल्याशा बोटीवरच्या खलाशाकडून त्यानं ती मिळवली होती. जपानी, वापरलेली, स्वस्तातली.

आबांनी चष्मा पुसून तिला नीट न्याहाळलं. "चारच तारा काहून?" त्यांनी विचारलं.

मामा जरा गडबडला. मग म्हणाला, "दाजी, तंबोऱ्यालाही चारच असतात की."

आबा वकील. त्यांना दाखला दिला की त्यांचं समाधान व्हायचं. "हे बाकी बरोबर आहे," ते म्हणाले, आणि प्रकरण निकालात निघालं. गिटारीला सहा तारा असतात आणि ही गिटार वेगळ्याच कामाची आहे, हे त्या घरात कोणाला माहीत असणार? आम्ही सगळ्यांनी तिला गिटार म्हणून घरात घेतलं.

ती मला अजून तशीच्या तशी दिसते. दिसते म्हणजे काय, आतल्या खोलीत कपाटामागे उभीच आहे. अंगाचा रंग कडेला काळा आणि मध्याकडे येता येता पिकल्या आंब्यासारखा पिवळा-लाल. एका कोपऱ्याला रंगाचा टवका उडालाय, तिथे आतले प्लायवुडचे थर दिसतात. म्हणजे बाहेरून झगमग, आतून चहाचं खोकं. पोट भरीव, त्याला भोक नाही. मान वेगळी करून मागून स्क्रूंनी आवळलेली. छातीवर एक चुंबकाची पट्टी, तिच्यावर चकचकीत पत्र्याचं झाकण. त्याखाली दोन बटणं, एक आवाज लहानमोठा करायचं आणि एक आवाज पातळ-जाड करायचं. तारांच्या बुडाशी दुसरं झाकण, त्याच्या आत स्पंजाचा तुकडा चिकटवलेला, तार फार वेळ घुमू नये म्हणून. तारा सुतळीएवढ्या जाड, पण वरून चपटी फीत गुंडाळल्यासारख्या गुळगुळीत. मान जरा वाकलेली होती, त्यामुळे तारा तिच्यावरच्या आडव्या पट्ट्यांपासून उंच राहायच्या आणि दाबताना बोटांना फोड यायचे. डोक्यावर कारखान्याचं नाव लिहिलेली पट्टी असणार, ती कोणीतरी काढून टाकली होती. तिथे दोन बारीक भोकं तेवढी उरली होती.

मी तार छेडली. डास गुणगुणावा एवढासुद्धा आवाज झाला नाही.

"अगं बाई, मुकी आहे ही!" आई म्हणाली.

मामा म्हणाला विजेची आहे, रेडिओला जोडायची. आमच्या रेडिओच्या मागे ग्रामोफोन जोडायची दोन भोकं होती. रेडिओ दुरुस्तीवाल्यानं एक वायर बांधून दिली. सगळे समोर बसलो. मी मामानं आणलेली कांडी टेकवून सगळ्यात जाड तार ओढली आणि बाप्पा रे! रेडिओतून असा काही हुंकार निघाला की फळीवरची पितळी ताटं थरथरली, एक घरंगळत खाली आलं, आणि बैठकीतून एक पक्षकार पायात चप्पल न घालता अंगणात पळाला. आबांनी उठून वायर उपसली. "ही माझ्याकडे राहील," ते म्हणाले. "पाहुणे येतील त्या दिवशी जोडू. तोवर अशीच वाजव, मुकाट्यानं." आणि वायर त्यांच्या खणात गेली, खटल्यांच्या कागदांखाली.

मग मला आत कोंडलं. कोंडलं म्हणजे कुलूप घातलं नाही, आमच्याकडे तशी पद्धत नव्हती. उन्हात गेलीस तर काळी पडशील, एवढंच म्हणायचे. कॉलेज सुटलं होतं, वाचनासाठी सुट्टी लागली होती, बाहेर जायला कारणच उरलं नाही. सकाळी दहाला वाळ्याचे पडदे पडायचे, की उन्हं उतरेपर्यंत माजघरात हिरवट काळोख. तोंडाला साय-हळद. ओल्या वाळ्याचा तो वास सगळ्यांना आवडतो, लोक त्याची अत्तरं लावतात. मला आजही तो नाकात गेला की दम कोंडल्यासारखं होतं. बाहेर रस्त्यावरून बर्फाच्या गोळेवाल्याची घंटा जायची, मैत्रिणी एकमेकींकडे वह्या नेताना हाका मारत जायच्या, आणि मी पडद्याच्या आत, मांडीवर अर्थशास्त्राचं पुस्तक आणि पुस्तकावर मुकी गिटार.

एके दुपारी कंटाळून मी तिला उभी धरली आणि तिचं डोकं मागच्या कपाटाला टेकलं. सागवानी कपाट, कपड्यांचं, माणसाच्या उंचीहून मोठं. सहज तार ओढली, आणि कपाट बोललं! घूंऽऽ. मोठ्यानं नाही, पण पुरेसं. खोलीबाहेर ऐकू जाणार नाही, खोलीत मात्र अंगभर जाईल, एवढंच. मी कपाटाच्या दाराला गाल लावला. आवाज कानातून येतच नव्हता, जबड्यातून वर चढत होता. मला हसू यायला लागलं, आणि हसता हसता रडूही आलं. त्या घरात जाड आवाजाचं आणखी कोणीतरी सापडलं होतं.

त्यानंतर मी कांडी फेकून दिली. त्या तारांवर ती नुसती गुरगुरायची. बोटांनीच दाबायला लागले. शिकवायला कोणी नाही, तर रेडिओ लावून गाणी ऐकायची. आधी वाटायचं, ही गाणी हिच्यावर येतच नाहीत. मग एकदा लक्षात आलं की गाणाऱ्या बाईच्या खाली, तबल्याच्याही खाली, दुसरं काहीतरी चालत असतं. धुम्म, धुम्म, धुम्म. इतके दिवस कानावर पडत होतं पण ऐकलं नव्हतं. बंद केलं तर गाणं खचेल, आणि चालू असताना त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. आईसारखंच की, मला वाटलं. मग तेच शोधून काढायचा नाद लागला. मागणी-पुरवठ्याचा नियम पाठ करायचा, एक गाण्याचं बूड शोधायचं, पुन्हा वाचायचं.

आणि एक गंमत सांगायची राहिली. मी मोठ्यानं पाठ करायची, घरात कोणी नसेल तेव्हा. माझ्या खऱ्या आवाजात. तर गिटार मांडीवर असली की तार आपोआप थरथरायची. मी हात लावलेला नसायचा. काही शब्दांना थरथरायची, काहींना नाही. मी तळवा तारेवर ठेवून बघायची: आहे, थरथर आहे. आईच्या त्या बारीक, हळू आवाजात बोलून बघितलं तर ती ढिम्म. हे मी कोणालाही सांगितलं नाही. कोणाला सांगणार?

आता कूलरपाशी वाचत बसलेली नात मधूनच मान वर करून विचारते, "आजी, तू काय पुटपुटतेयस?" मी म्हणते, वाच तू. खिडकी उघडी आहे, दार उघडं आहे, खाली तिची स्कूटी उभी आहे. कंटाळा आला की ही बया किल्ली उचलते आणि चालू लागते. मला तिचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.

अमरावतीचं स्थळ आलं ते परीक्षा तोंडावर असताना. शेती चांदूर बाजारकडे, घर अमरावतीत, मुलगा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. तो, त्याची आई आणि एक काका येणार होते. आईनं वायर बाहेर काढवली. मला म्हणाली, "एखादं भक्तिगीत वाजव, म्हणजे बोलायला नको."

माझा बेत पक्का होता. मी गाणं वाजवणारच नव्हते. नुसतं बूड वाजवणार होते, धुम्म-धुम्म, तेच तेच. पोरीला वाजवता येत नाही म्हणतील, उठतील, जातील. हे शेवटचं स्थळ होतं, यानंतर मुहूर्तांपुरताही वेळ उरणार नव्हता. हे गेलं की मी सुटले.

पाहुणे आले. मुलगा खाली मान घालून बसलेला, माझ्यापेक्षा लाजरा. त्याची आई मात्र मोठ्या हाडाची, रापलेल्या रंगाची, हिरव्या नऊवारीतली बाई. पोह्यांची ताटली हातात घेऊन सगळं घर डोळ्यांनी चाचपून झालं त्यांचं. आबांनी रेडिओला वायर जोडली. मी बसले आणि सुरू केलं. दोन सूर, एक खालचा, एक त्याच्या जरा वरचा. घूं-घूं, घूंऽऽ. घूं-घूं, घूंऽऽ. काका थोडा वेळ थांबले, मग त्यांनी आबांना विचारलं, "गाणं कवा सुरू होते, वकीलसाहेब?" माझ्या आईचा चेहरा पांढराफटक. मला आतून उकळ्या फुटत होत्या. जातात, आता जातात.

तेवढ्यात त्या बाई पुढे सरकल्या. "थांबू नको वं पोरी," त्या म्हणाल्या. "हे तर जातं होय. जातं घुमून राह्यलं." आणि त्यांनी पोह्यांची ताटली खाली ठेवली, डोळे मिटले आणि गायला लागल्या. दळताना म्हणतात तशी ओवी.

*माहेराच्या वाटे बाई, दाट दाट गं बाभूळ,*
*पायी मोडला गं काटा, सांगू कोणाच्या जवळ.*

काय आवाज होता! करकरीत, उन्हात वाळवलेला. मुलगा आईकडे बघतच राहिला. त्यानं कधी ऐकलेलंच नव्हतं तिला गाताना. काका खाकरले, पण त्या थांबल्या नाहीत. आणि मी... माझ्या खालच्या वाजवण्यावर पहिल्यांदाच कोणीतरी वर गात होतं. कपाटानं कधी गाणं म्हटलं नव्हतं माझ्यावर. त्या चढल्या की मी वरचा सूर धरायची, त्या टेकायला आल्या की खालचा देऊन ठेवायची, त्या दमल्या की थांबून राहायची. माझा बेत, सिंहस्थ, परीक्षा, सगळं विसरले. ओव्या संपल्या तेव्हा भानावर आले आणि मला कळलं की मी चांगलं वाजवलं होतं.

"पोट्टी आमाले पसंत हाय," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. "वकीलसाहेब, ते जातं पण संगं द्या."

सगळे हसले. आईनं देवापुढे साखर ठेवली. मी अशी सापडले. ज्याच्या जोरावर सुटायचं होतं त्यानंच मला धरून दिलं.

आठवड्यानं काका मुहूर्त घेऊन आले. मी दाराआड उभी होते. दिवस ऐकला. पाहुणे गेल्यावर मी आबांपुढे जाऊन उभी राहिले. "आबा, त्या दिवशी अर्थशास्त्राचा पेपर आहे. सकाळीच. आणि राहिलेले पेपर त्याच्यानंतर लगेच."

आबांनी समोरचे कागद सारखे केले. मग म्हणाले, "मुलीकडच्यांनी तारखेवर बोलायचं नसतं, बेटा."

आबांनी हे म्हणावं! तारीख मागणं हा तर त्यांचा धंदा. साक्षीदाराला ताप आला, पक्षकाराचा बैल हरवला, स्वतःचा घसा बसला, कशाकशावर आबा तारीख मिळवायचे. जिल्हाभर त्यांची ख्याती होती की हरतील पण तारीख घेतील. लोकांच्या बांधाच्या भांडणांसाठी वर्षानुवर्षं तारखा मागणाऱ्या माणसाला मुलीसाठी एक तारीख पुढे सरकवून मागता आली नाही. त्यांना वाईट वाटलं होतं, ते मला दिसत होतं. म्हणून मी पुन्हा बोलले नाही. राग मात्र आला होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. माणूस गेला, राग राहिला.

पहिले पेपर दिले मी, मेंदी लागायच्या आत. मग मांडव. अंतरपाटाच्या अलीकडे उभी होते, समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. आता घंटा झाली असेल. आता प्रश्नपत्रिका वाटल्या असतील. पहिला प्रश्न सक्तीचा. माझा बाक रिकामा असेल, कोणीतरी त्यावर माझा नंबर खडूनं लिहिलेला असेल. डोक्यावर अक्षता पडत होत्या आणि मी मनात मागणी-पुरवठा म्हणत होते, येडी. संध्याकाळी तांदळाच्या ताटात यांनी अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. आवडलं का, म्हणून विचारलंही कोणीतरी. मला त्या गिटारीच्या डोक्यावरची दोन भोकं आठवली.

कपाट आंदणात आलं, गिटारही आली. अमरावतीच्या घरी रेडिओ ओसरीवर, सासऱ्यांच्या डोक्याशी. त्याला हात लावायची सोय नव्हती, वायर कुठल्या ट्रंकेत गेली कोणास ठाऊक. पुन्हा ती गिटार विजेला लागली नाही. दुपारी पुरुषमंडळी ओसरीवर आडवी झाली की सासूबाई आत यायच्या, दार लोटायच्या आणि म्हणायच्या, "टेकव वं." मी गिटारीचं डोकं कपाटाला टेकवायची. मी वाजवायची, त्या गायच्या. ओठांतल्या ओठांत, बाहेर जाणार नाही अशा. गिरणी आली, जातं गेलं, आणि जात्यासोबत त्यांचं गाणंही गेलं होतं. सासरे म्हणायचे, वाड्या-वस्त्यांवरच्या बायांसारखं शहरात काय गायचं. त्या दिवशी अकोल्यात त्यांच्या तोंडून निघालं ते निघालं, घरी परतल्यावर त्याबद्दल बोलणी खाल्ली होती त्यांनी. म्हणजे आम्ही दोघीही पडद्याआडच्या. त्या मला आवडायच्या, आणि त्यांनीच मला पसंत केलं याचा रागही यायचा. दोन्ही एकाच दुपारी.

पुढे कधीतरी गणपतीत एक ऑर्केस्ट्रा आला होता, तेव्हा पाहिलं. पुढे गाणारे, झगमगीत कोट घातलेले, आणि मागे ढोलकांच्या सावलीत एक मुलगा चार तारांची गिटार घेऊन उभा. यांनी मध्यंतरात जाऊन त्याला विचारलं. परत येऊन मला म्हणाले, "बेस गिटार म्हणतात तिला. त्यात गाणं वाजवायचंच नसतं म्हणे." मी म्हटलं, ते मला ठाऊक आहे.

परीक्षेचा फॉर्म नंतर दोनदा भरला. एकदा बाळंतपण आडवं आलं, एकदा सासऱ्यांचं दुखणं. मग भरला नाही. माझ्या नावापुढे आजही काही लागत नाही. नातीला हे ठाऊक नाही, तिला वाटतं आजी बी.ए. आहे, कारण आजी अर्थशास्त्रावर फार बोलते.

पण कूलरच्या आवाजानं दरवर्षी मला नेमकी कुठली दुपार आठवते, ते सांगायचं होतं. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. सिंहस्थ चालू होता. गावात एक मांडव नाही, एक वाजंत्री नाही, रस्ते चिडीचूप. हेच ते वर्ष, ज्याची मी वाट बघत होते. ते आलं होतं आणि मी अमरावतीत कपाटाला टेकून बसले होते. सासूबाई ती बाभळीची ओवी म्हणून थांबल्या आणि एकाएकी म्हणाल्या, "एक इचारू का वं? लग्नात रडली नाईस तू. पण सारखी घड्याळाकडं काहून पाहून राह्यली होतीस?"

मी खाली बघून, आईनं शिकवलेल्या बारीक आवाजात म्हणाले, "पेपर होता माझा. तेव्हाच."

"कोन्ता पेपर?"

"बी.ए.चा. शेवटच्या वर्षाचा."

त्या माझ्याकडे वळल्या. "मंग सांगतलं काहून नाई?"

"मुलीकडच्यांनी तारखेवर बोलायचं नसतं."

"अवं माय!" त्यांनी कपाळावर हात मारला. "भटजीनं दोन मुहूर्त काढले होते. दुसरा चांगला पुढं होता. मीच म्हनलं पैला घ्या, दुसऱ्याच्या दिवशी चांदूरचा बाजार हाय, गावच्या मान्साइले गाड्या भेटनार नाईत. बाजारापायी घेतला तो मुहूर्त! येका शब्दानं सांगतलं असतं तं आमी थांबलो नसतो का?"

बाजारासाठी. गाड्या मिळणार नाहीत म्हणून. इतके दिवस मी ग्रहांना, आबांना, या बाईला, सगळ्या जगाला बोल लावत होते, आणि समोर दुसरी तारीख पडलेली होती, कोणी विचारायचा अवकाश. मी गिटार बाजूला ठेवायला लागले. त्यांनी माझा हात धरला.

"ठेवू नको. आता सांग, कोन्ते कोन्ते पेपर राह्यले तुये?"

मी पुटपुटले.

"तशी नाई. तुया आवाजात सांग. मोठ्यानं."

"बाहेर मामंजी बसले आहेत."

"बसू दे त्याइले."

मी सांगायला लागले. अर्थशास्त्र. मग मराठीचा राहिलेला. मग इंग्रजीचा शेवटचा. माझ्या त्या जाड, पक्षकारांना उठून उभं करणाऱ्या आवाजात, त्या घरात पहिल्यांदाच. ओसरीवर सासऱ्यांचा पान कुटायचा आवाज थांबला. सासूबाईंनी दाराकडे पाहिलंही नाही. मी बोलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हात मोकळे होते, आणि माझ्या मांडीवर सगळ्यात जाड तार आपली आपणच वाजत होती.